कापशीचा अर्धा तास

अजूनही समोर बसलेल्या माणसाचा हात पोटरीकडे गेला की माझं बोलण्यातलं लक्ष उडतं. माझं वय आता चौऱ्याहत्तर. दोन्ही गुडघे नवे बसवलेत, दात निम्मे नवे आहेत, मूळचं असं फारसं काही शिल्लक नाही. पण अठ्ठ्याण्णव सालच्या दिवाळीआधीचे ते पंधरा दिवस माझ्या पोटऱ्यांना अजून पाठ आहेत. परवा एका लग्नात शेजारच्या बाई नुसत्या निऱ्या सारख्या करायला वाकल्या, तर मी खुर्ची बदलली.

घरात ढेकूण झाले तर माणूस लाजतो आणि गप्प बसतो. डास झाले तर सरकारला शिव्या देतो. उवा झाल्या तर मुलीच्या वर्गातल्या दुसऱ्या मुलीचं नाव घेतो. पिसवांचं तसं नाही. पिसवा झाल्या की कुत्र्याचं नाव पुढे येतं, आणि आमच्या पंचधारा सोसायटीत बारा बिऱ्हाडांत मिळून कुत्रं एकच होतं. ते आमचं होतं.

खरं म्हणजे ते आबांचं होतं. आबा माझे सासरे, तेव्हा अठ्ठ्याहत्तरीचे, एका डोळ्यानं अधू. कुत्रीचं नाव कापशी. तिची आई पामेरियन आणि बाप रस्त्यावरचा. केस आईचे, उंची बापाची, त्यामुळे लांबून कापसाचं बोचकं चालत येतंय असं वाटायचं. रोज सकाळी आबा तिची साखळी धरून रंकाळ्यावर जात. लोक म्हणत, आबा या वयात कुत्र्याला किती नेमानं फिरवतात. प्रत्यक्षात फिरवायची ती. खड्डा आला की थांबायची, गाडी आली की आबांच्या आडवी उभी राहायची. आबांना हे माहीत होतं, मला माहीत होतं, आणि दोघंही ते एकमेकांना कधी बोलून दाखवत नव्हतो.

सोसायटीचे चेअरमन गणपतराव आमच्या बरोबर खाली राहत. कोर्टातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. या माणसाला शिंक आली तरी आधी विषयपत्रिकेवर घ्यावी असं वाटायचं. सोसायटीनं त्यांच्या दारावर 'चेअरमन' अशी पाटी लावावी हा विषय त्यांनी तीन वर्षं सलग मांडला होता आणि तीन वर्षं सलग सभासदांनी तो, 'सगळ्यांना माहीतच आहे की' असं म्हणून पुढे ढकलला होता. ते दुःख त्यांच्या चेहऱ्यावर कायमचं बसलं होतं. तर त्यांच्या सूनबाईंच्या पायावर लाल पुरळ उठलं, आणि गणपतराव टाइप केलेला कागद घेऊन वर आले. कागदाचा विषय होता, 'कापशी (कुत्रे) हिच्या अंगावरील पिसवांबाबत.'

ठराव असा होता: दिवाळीआधीच्या रविवारी खास सभा भरेल. सदर कुत्रे सभेसमोर अर्धा तास बसवण्यात येईल. त्या अवधीत कुत्र्याने खाजवल्यास ते आवारातून कायमचे हलवण्यात येईल. न खाजवल्यास विषय कायमचा बंद समजण्यात येईल.

मी मराठी शाळेत पंचवीस वर्षं शिकवलेली बाई. मी त्यांना समजावून सांगितलं, की अहो, कुत्रं सवयीनंही खाजवतं, माणूससुद्धा अर्धा तास न खाजवता बसत नाही. माझ्या वर्गात तर पाच मिनिटं बसत नसत.

"बाई," गणपतराव म्हणाले, "ठराव कुत्र्यापुरता हाय. माणसाचं त्यात काय न्हाय."

ते गेल्यावर आबा आपल्या खोलीत गेले आणि ट्रंक उघडल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा हातात एक गंजलेली किल्ली होती.

"ती गेली की मी बी जातो," ते म्हणाले. "कुरुंदवाडच्या घराला कुलूप हाय. किल्ली माझ्याकडं हाय."

कुरुंदवाडच्या त्या घरात वीस वर्षांत कुणी राहिलं नव्हतं. विहिरीला कठडा नव्हता. एका डोळ्याचा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस तिथं एकटा. आमच्या ह्यांनी पेपर खाली ठेवला आणि परत उचलला. ह्यांचा स्वभावच तसा होता. आबांनी किल्ली दरवाजाशेजारच्या खिळ्याला अडकवली, आणि पुढचे पंधरा दिवस मी येता-जाता त्या किल्लीकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी बाजारातून पिसवा मारायच्या पावडरीचा डबा आणला. आबांनी तो दारातच अडवला. आबा रोज सकाळी बुद्धवंदना म्हणायचे, पंचशील म्हणायचे आणि पहिलं शील म्हणजे प्राण्याची हिंसा करायची नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, की पिसू झाली म्हणून काय झालं, जीव तो जीव. मारायच्या नाहीत, घालवायच्या. रविवारच्या तांबड्या रश्श्याचं काय, हा प्रश्न माझ्या जिभेवर आला होता, पण मी तो गिळला. काही प्रश्न विचारले की रविवारी स्वयंपाक कुणी करायचा हा नवा प्रश्न उभा राहतो. आणि पावडर कापशीनं चाटली असती, हेही खरंच होतं. डबा परत गेला.

अशा रीतीनं आमच्या घरात नैसर्गिक उपायांचं युग सुरू झालं.

पहिला उपाय समोरच्या शेवंताबाईंचा. ह्या बाईंकडे आवाज आणि औषध कधी संपत नसे. कडुनिंबाचा पाला उकळायचा आणि त्या पाण्यानं कुत्र्याला न्हाऊ घालायचं. कडुनिंबाचं झाड सोसायटीच्या आवारातच होतं, म्हणजे पाला तोडायला सेक्रेटरींची परवानगी हवी. सेक्रेटरी पेठ वडगावला मुलीकडे गेलेले. शेवंताबाई म्हणाल्या, "परवानगी झाडाला इचारू काय?" आणि काठीनं निम्मं झाड खाली पाडलं. दोन दिवसांनी मला 'विनापरवाना वृक्षतोड' असा दुसरा कागद आला. त्यावर शेवंताबाईंचं नाव नव्हतं.

कापशीनं ते हिरवं पाणी शांतपणे अंगावर घेतलं. मग एकदाच अंग झाडलं, ते नेमकं ह्यांच्या इस्त्रीच्या शर्टांच्या गठ्ठ्याशेजारी. शर्टांना कडुनिंबाचा वास लागला आणि ह्यांच्या कचेरीत आठवडाभर विचारत होते, की घरात कुणाला गोवर आलाय का. पिसवा दोन दिवस कुठंतरी जाऊन आल्या, माहेरपणाला गेल्यासारख्या, आणि परतल्या.

दुसरा उपाय आमच्या संघप्रियाचा. मुलगी तेव्हा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती, म्हणजे घरात सगळ्यात जास्त शास्त्र तिला कळायचं. तिनं सांगितलं, की लिंबाच्या चकत्या रात्रभर उकळत्या पाण्यात टाकून ठेवायच्या आणि ते पाणी केसांना चोळायचं, पिसवांना लिंबाचा वास सोसत नाही. पंचवीस लिंबं गेली. पिसवांचं मला माहीत नाही, पण कापशीला त्या वासानं सारखी भूक लागायला लागली, आणि मला कांदेपोहे करताना घरात एक लिंबू सापडलं नाही.

तिसरा उपायही तिचाच. पसरट ताटलीत साबणाचं पाणी घ्यायचं आणि त्यावर दिवा टांगायचा. पिसवा उजेडाकडे उड्या मारतात आणि पाण्यात पडतात. संध्याकाळी वीज जायच्या वेळेला कंदील टांगून आम्ही हा प्रयोग मांडला आणि अर्ध्या तासात सात पिसवा ताटलीत. माझा आनंद काय सांगू. शाळेत स्कॉलरशिपला मुलं लागली तेव्हा झाला नव्हता तेवढा. मी शेवंताबाईंना दाखवायला बोलवायला गेले, आणि परत येते तर आबा ताटलीशी बसून कापसाच्या बोळ्यानं एकेक पिसू बाहेर काढून पायरीवर ठेवत होते.

"हे बुडवणं झालं," ते म्हणाले. "घालवणं न्हवं."

त्यातल्या दोन वाळल्या आणि उडाल्या. कुठं उडाल्या ते मला लगेच कळलं, पोटरीवर.

मग वेखंडाची पूड झाली. ती कापशीच्या केसांत शिंपडली, तिनं अंग झाडलं आणि आम्ही चौघं दुपारभर शिंकत होतो. शेवंताबाईंनी तंबाखूचं पाणी सुचवलं, निपाणीची कडक तंबाखू त्यांच्याकडे होतीच. पण तोवर माझा सगळ्या नैसर्गिक गोष्टींवरचा विश्वास डळमळला होता, म्हणून आधी जनावरांच्या दवाखान्यात विचारावं असं ठरवलं.

तिथं खिडकीशी सयाजी नावाचे गृहस्थ बसत. केसपेपरवर जनावराचा प्रकार लिहायचा होता. रकाने होते गाय, म्हैस, बैल, शेळी.

मी म्हटलं, "कुत्री."

"इतर," सयाजी म्हणाले आणि लिहिलं. "दूध किती देती?"

मी म्हटलं, कुत्री आहे. ते म्हणाले, रकाना मोकळा सोडता येत नाही, मोकळा सोडला की वरून विचारणा होते. बराच विचार करून त्यांनी 'सध्या बंद' असं लिहिलं. तो केसपेपर अजून माझ्याकडे आहे.

डॉक्टर मात्र शहाणे निघाले. त्यांनी तंबाखूचं नाव ऐकून कपाळाला हात लावला. कुत्रं अंग चाटतं, तंबाखूनं मरेल, असं स्पष्ट सांगितलं. मग म्हणाले, औषधं नकोत तर मेहनत लागेल. रोज बारीक फणीनं विंचरा, अंगाला करंजाचं तेल हलक्या हातानं लावा, आणि मुख्य म्हणजे तिची अंथरुणं, पोती, गोधड्या कडक पाण्यात धुऊन उन्हात टाका. कारण कुत्र्याच्या अंगावर एक पिसू दिसत असेल, तर बाकीची भावकी अंथरुणात असते. पण एवढ्या दाट केसांत फणी जाणार नाही. आधी केस उतरवा.

गोधड्या, पोती, पडदे, सगळं धुऊन झालं. गच्ची आमच्या अंथरुणांनी भरली आणि त्याबद्दल तिसरा कागद आला. राहिले केस. आमच्या कोपऱ्यावरच्या सलूनवाल्यानं कापशीकडे पाहिलं, मग खुर्चीतल्या अर्ध्या दाढीच्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं, आणि हात जोडले. सभा रविवारवर आली होती. बुधवारी संध्याकाळी मी खिळ्यावरच्या किल्लीकडे बघत बसले होते, तेव्हा शेवंताबाई म्हणाल्या की त्यात काय, आपल्या पिराजीला बोलवू.

पिराजी म्हशी भादरायचा. ज्यांना कोल्हापूरची दिवाळी माहीत नाही त्यांना सांगते. पाडव्याला इथले गवळी आणि हौशी लोक आपापल्या म्हशी सजवून रस्त्यावर आणतात, मोटारसायकलीमागे पळवतात, मिरवतात. त्याआधी म्हैस भादरून, तेल लावून अशी तुकतुकीत करतात की तिच्यात तोंड बघावं. शिंगं रंगवतात, शेपटीला गोंडा ठेवतात, आणि हौसेखातर अंगावरच्या केसांत नक्षी आणि मालकाचं नाव कोरतात. पिराजीचा त्या कामात हात धरणारा कुणी नव्हता. ऐन हंगाम चालू असताना शेवंताबाईंच्या शब्दाखातर तो गुरुवारी दुपारी वाट वाकडी करून आला.

आल्या आल्या त्यानं कापशीला तीन बाजूंनी पाहिलं.

"लई बारकी हाय," तो म्हणाला. "पर घडवू."

मी त्याला चहा करायला वर गेले, आणि गॅस संपल्यामुळे स्टोव्ह पेटवण्यात तासभर गेला. हीच माझी चूक. चहा उतू जाऊ नये म्हणून मी तिथं उभी राहिले आणि खाली सगळं उतू गेलं. पिराजीला बसायला आणि केस पडायला खाली काहीतरी जाड अंथरूण हवं होतं. शेवंताबाईंनी, हे मला मागाहून कळलं, जिन्याखालच्या कपाटातून सोसायटीच्या सभेची निळी सतरंजी ओढून काढली. तीवर कापशीला बसवून भादरली, मग करंजाचं तेल चोळलं, मग सतरंजी दोनदा झटकून, घडी घालून परत कपाटात ठेवली. आबा समोर कट्ट्यावर बसून हे सगळं एका डोळ्यानं बघत होते.

मी कपबशी घेऊन खाली आले तेव्हा काम झालं होतं. कापशी अर्धी झाली होती. गुलाबी, तुकतुकीत, आणि शेपटीच्या टोकाला फक्त एक पांढरा गोंडा. तिच्या चेहऱ्यावर लग्नाच्या पहिल्या दिवशी शालू नेसवलेल्या मुलीचा भाव होता. मला आधी बरंच वाटलं. मग ती वळली. डाव्या बाजूला, बरगड्यांवर, पांढऱ्या केसांत, ठळक सुंदर अक्षरांत लिहिलं होतं: चेअरमन.

शेवटचा 'न' जागा न पुरल्यामुळे मांडीवर उतरला होता.

मी कप तिथंच कट्ट्यावर ठेवला. पिराजी म्हणाला, "मालकाचं नाव इचारलं तर ह्या म्हनल्या." शेवंताबाईंचं म्हणणं असं, की त्या चेष्टेत बोलल्या होत्या. पिराजीनं मालकाचं नाव विचारलं आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, की ह्या सोसायटीत मालक एकच, चेअरमन. पिराजीला आमच्या सोसायटीतली चेष्टा कशी कळावी? ते पुसता येईल का, असं मी विचारलं. पुसायचं म्हणजे कातडीला वस्तरा लावायचा, आणि बारक्या जनावराला तो वस्तरा लावत नव्हता. चहा पिऊन तो म्हशींकडे निघून गेला.

ते तीन दिवस कसे गेले ते विचारू नका. मी रोज दोनदा फणी फिरवत होते. शुक्रवारी तीन पिसवा, शनिवारी एक, रविवारी सकाळी शून्य. आबांच्या सांगण्यावरून त्या चारही पिसवा मी आवाराबाहेर नेऊन सोडल्या, रस्त्यापलीकडे. पिसवांचा प्रश्न सुटला होता आणि अक्षरांचा उभा होता. मी संघप्रियाच्या जुन्या लाल स्वेटरच्या बाह्या कापून तो कापशीला घातला. ऑक्टोबरच्या उन्हात.

रविवारी चार वाजता जिन्यासमोरच्या मोकळ्या जागेत सभा भरली. निळी सतरंजी अंथरली होती आणि तीवर बारा सभासद मांडी घालून. मधोमध कापशी, आणि तिच्यासमोर सेक्रेटरींचं मनगटी घड्याळ. आबा तिच्या शेजारी बसले. सदऱ्याच्या खिशातून त्या किल्लीचं टोक दिसत होतं. ते मी पाहिलं.

पहिली पाच मिनिटं कुणी हललं नाही. कापशीनं एकदा जांभई दिली, तेव्हा सेक्रेटरींनी गणपतरावांकडे पाहिलं. गणपतराव म्हणाले, जांभई ठरावात नाही.

सातव्या मिनिटाला वरच्या मजल्यावरच्या बाळासोंनी पाय बदलला. मग परत बदलला. मग त्यांचा हात लेंग्याच्या आत गेला. त्यांच्या शेजारच्या वहिनींनी पदर सावरायच्या निमित्तानं घोटा चोळला. दहाव्या मिनिटाला सगळी सभा चुळबुळत होती. भर सभेत कुणी उघड खाजवायला तयार नाही, आणि खाजवल्याशिवाय राहवत नाही. कुणी पायाखालून पेन फिरवत होतं, कुणी नमस्कार केल्यासारखं वाकत होतं. मलाही चावत होतं. मला डॉक्टरांची भावकी आठवली. मग सतरंजीच्या पट्ट्यांत अडकलेले पांढरे केस दिसले, आणि मला सगळं कळलं. तीन दिवस बंद कपाटात उपाशी.

कापशी तेवढी निवांत होती. तेलाच्या वासानं तिच्याकडे एकही पिसू फिरकत नसावी. उकाड्यानं ती बेजार झाली, आणि अठराव्या मिनिटाला तिनं एकच आळस दिला. लाल स्वेटर मानेकडे गुंडाळत गेला.

सभेनं वाचलं. बाळासो मोठ्यांदा वाचायला लागले होते, त्यांना कुणीतरी कोपर मारलं. गणपतरावांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला. ते पुढे सरकले. माझ्या पंचवीस वर्षांच्या अब्रूचा तो शेवटचा क्षण आहे असं मी मनात धरलं.

"अक्षर कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"पिराजीचं," मी म्हटलं. "म्हशी भादरणारा."

त्यांनी बोटानं हवेतच 'च'चं वळण गिरवलं. "वळणदार हाय," ते हळूच म्हणाले, आणि परत आपल्या जागी जाऊन बसले. बसल्याबरोबर त्यांनी उजवी पोटरी दाबून धरली.

सव्विसावं मिनिट झालं आणि आबा उभे राहिले. मला माहीत होतं ते काय करणार. खोटं बोलायचं नाही, हेही पंचशिलातलंच. मी त्यांचा सदरा मागून ओढला. त्यांनी तो सोडवून घेतला.

"गणपतराव, आमचंच चुकलं," ते म्हणाले. "कुत्रं ह्याच सतरंजीवर भादरलं. तुमास्नी चावत्यात त्या पिसवा कापशीच्याच. मला दिसत हुतं, मी बोललो न्हाय. काय ते लिवा. मी किल्ली घेऊन आलोय."

माणसं एकदम मोकळेपणानं खाजवायला लागली. बाळासो तर उठून उभे राहिले, की आता काय राहिलं, ठराव करा. आमच्या ह्यांनी मान खाली घातली.

गणपतरावांनी घड्याळाकडे बोट दाखवलं.

"आबा, बसा. अजून चार मिन्टं हायत."

"पर मी सांगितलं ते..."

"ते ऐकलं. पिसवा कुणाच्या ह्यो विषय न्हाय. कुत्र्यानं खाजवलं का, ह्यो विषय हाय." मग बाळासोंकडे वळून, "तुमी बी बसा. सभा चालू हाय."

ती चार मिनिटं त्या माणसानं कशी काढली ते मी पाहिलं. मांडी मोडली नाही. पोटरीवरचा हात काढून त्यानं मांडीवर ठेवला आणि दातावर दात. सभेत न खाजवणारे जीव दोनच होते, कुत्रं आणि चेअरमन. तीस मिनिटं झाली. गणपतरावांनी वही उघडली आणि मोठ्यानं म्हणत लिहिलं, "सदर कुत्र्याने खाजवले नाही. विषय कायमचा बंद."

"आणि सतरंजीचं?" सेक्रेटरींनी विचारलं.

"विषयपत्रिकेवर न्हाय," ते म्हणाले, वही मिटली आणि दोन्ही हातांनी दोन्ही पोटऱ्या एकदम खाजवायला सुरुवात केली.

सतरंजी दोन दिवस कडक उन्हात पडली होती, त्याबद्दल कागद आला नाही. सोमवारी गणपतरावांच्या सूनबाई फणी मागायला आल्या, मंगळवारी बाळासोंच्या मिसेस करंजाच्या तेलासाठी, आणि आबांनी प्रत्येकीला दारात गाठून सांगितलं, की मारायच्या नाहीत, घालवायच्या. कुरुंदवाडची किल्ली परत ट्रंकेत गेली. पुढची सहा वर्षं कापशी आबांना रंकाळ्यावर नेत राहिली.

केस मात्र वाढायचे ते वाढले. रोज सकाळी आबा निघाले की गणपतराव दारात उभे असत आणि कापशीची डावी बाजू बघत. संक्रांतीपर्यंत 'मन' गेलं. होळीच्या सुमाराला सगळंच पांढरं झालं, त्या दिवशी ते जिन्यात मला भेटले. इकडचं तिकडचं बोलले, पाण्याच्या टाकीचं बोलले, निघाले आणि दोन पायऱ्या उतरून परत फिरले.

"बाई," ते म्हणाले, "त्यो पिराजी दिवाळीला येनार हाय न्हवं?"